पालेभाजी पेरण्याआधी मातीतले कॅडमियम, शिसे तपासा

पाऊस उघडून वाफसा आला की पालेभाज्यांच्या पेरणीची घाई सुरू होते. रान वर्दळीच्या रस्त्यालगत असेल, कारखान्याजवळ असेल किंवा सांडपाण्यावर भिजत असेल, तर बी टाकण्याआधी माती आणि पाणी दोन्हीत कॅडमियम, शिसे असे विषारी जड धातू आहेत का ते तपासून घ्या. उभ्या पिकाकडे पाहून काही कळत नाही. माणसाला अपायकारक ठरेल इतके कॅडमियम साठले तरी पालकाचे पान हिरवेगार दिसू शकते.

शिसे बरेचसे मुळातच अडते. पानावर सापडते ते बहुतांशी धुळीचे किंवा पाण्याच्या माऱ्याने उसळलेल्या मातीचे. म्हणून वाफ्यात आच्छादन करा, पाणी बुडाशी द्या, रस्त्याच्या बाजूला दाट कुंपण वाढवा. काढणीनंतर देठाच्या बेचक्यातली माती निघेपर्यंत स्वच्छ पाण्यात धुवा.

कॅडमियम मात्र मुळातून चढून पानाच्या आत बसते. ते धुऊन जात नाही, शिजवून नष्ट होत नाही. त्याला मातीतच रोखायला हवे. आम्लधर्मी जमिनीत पीक ते सहज उचलते; सामू (pH, म्हणजे जमिनीच्या आम्लतेचे माप) ६.५ ते ७ पर्यंत आणला की उचल घटते. चुना माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणेच टाका, कारण जमिनीत आर्सेनिक असेल तर चुन्याने ते उलट मोकळे होऊ शकते. चांगले कुजलेले शेणखत कॅडमियम धरून ठेवते. जस्ताची कमतरता भरून काढा. क्लोराइडचे खारे पाणी टाळा. स्फुरदयुक्त खतांतूनही थोडे कॅडमियम येऊ शकते, तेव्हा शिफारशीपेक्षा जास्त मात्रा नकोच.

नमुना १५ ते २० सेंमी खोलीपर्यंतचा, रानातल्या बऱ्याच ठिकाणचा एकत्र करून घ्या. गंजलेले किंवा जस्ताचा मुलामा असलेले अवजार, बादली वापरू नका. नेहमीच्या माती परीक्षणात हे धातू सहसा मोजत नाहीत; कॅडमियम, शिसे, आर्सेनिक अशी नावे लिहून तपासणी मागा.

भाजीचा नमुनाही तपासता येतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानके ठरवणाऱ्या आयोगाच्या मानकानुसार पालेभाजीत किलोमागे कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम आणि शिसे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. त्यापुढे गेले तर त्या रानात पालेभाजी घेऊच नका. प्रदूषण सौम्य असेल तर तज्ज्ञांना विचारून टोमॅटो, काकडी, शेंगभाज्या घेता येतील. फळांत कॅडमियम पानांपेक्षा कमी उतरते. जास्त असेल तर फुलझाडे लावा. अशा रानातला पाला जनावरांना घालू नका, कंपोस्टच्या खड्ड्यातही टाकू नका.