शंट कुठं बसवायचा, प्लसमध्ये का मायनसमध्ये?

करंट मोजायचा म्हटलं की पोरं आधी विचारतात शंट (म्हणजे करंटच्या वाटेत घालायचा अगदी कमी ओहमचा रेझिस्टर, त्याच्यावरचं व्होल्टेज मोजून करंट काढायचा) किती ओहमचा घेऊ, पण खरं आधी ठरवायची ती जागा. आमच्याकडं उद्यमनगरात फवारणीचे १२ व्होल्टचे बॅटरी पंप दुरुस्तीला येतात, तेच धरून सांगतो.

आधी वायरवर बोट फिरवत करंटची वाट बघा, बॅटरी प्लस, फ्यूज, स्विच, मोटर आणि परत मायनस. शंट अशा जागी पाहिजे की सगळा करंट त्यातनंच जाईल, पळवाट राहता कामा नये.

सोपी जागा मायनसची, म्हणजे मोटर आणि बॅटरी मायनसच्या मध्ये. तिथलं व्होल्टेज ग्राउंडला, म्हणजे बॅटरी मायनसला, चिकटूनच असतं म्हणून एलएम३५८ सारखा स्वस्त ऑपअँपपण (बारीक व्होल्टेज मोठं करणारी चिप) चालतो. ५ अँपिअरला ०.०१ ओहमवर ५० मिलिव्होल्ट मिळतात, उष्णता पाव वॅट, तरी १ वॅटचाच घ्या. फक्त लोडचं, म्हणजे इथं मोटरचं, ग्राउंड तेवढं ५० मिलिव्होल्ट वर उचललं जातं, आणि त्याच बाजूला एखादा सेन्सर असला की त्याचं रीडिंग चुकतं.

ट्रॅक्टर, मोपेड असलं काही असेल तर मात्र मायनसच्या नादाला लागू नका. मी एकदा ट्रॅक्टरच्या फोकसच्या काळ्या वायरीत शंट घातला, फोकस लख्ख आणि मीटर शून्याच्या जवळ. तासभर ऑपअँप बदलत बसलो, शेवटी काळी वायर सोडली तरी फोकस चालूच! फोकसच्या बॉडीचा बोल्ट चासीला लागलेला आणि चासी बॅटरीच्या मायनसलाच जोडलेली, म्हणून करंट तिकडनंच परत जात होता.

अशा ठिकाणी शंट प्लसमध्ये, फ्यूजच्या पुढं. लोडकडची वायर घासून बॉडीला लागली तरी तो करंट इथं दिसतो. पण आता शंटची दोन्ही टोकं बॅटरीच्या व्होल्टेजवर असतात, त्यामुळं चिप तेवढं सोसणारी पाहिजे. १२ व्होल्टला आयएनए२१९ चालते, तिची मर्यादा २६ व्होल्ट, ४८ व्होल्टच्या ई-बाईकला ८० व्होल्टची आयएनए२४० घ्या.

मोजायच्या दोन वायरी थेट शंटच्या पायांवरनं काढा, लांबून नको, कारण मध्ये सोल्डर न् ट्रॅकचा १ मिलिओहम जरी आला तरी १० मिलिओहमच्या शंटला १० टक्के चूक झाली. आणि घरच्या २३० व्होल्टवर हे अजिबात करू नका, तिथं सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, वापरा.

सगळं जोडून झालं की शंटचं एक टोक सोडून स्विच दाबा. लोड पूर्ण बंद पडला तर जागा बरोबर, जरा जरी चालला तर पळवाट शोधा.