अपयशाची भीती वाटत असताना एआय सहायकाकडे काय मागावे

अपयशाच्या भीतीने अडलेला माणूस एआय सहायकाला बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो हाच : "मला हे जमेल ना?" त्यावर "नक्की जमेल" असे उत्तर मिळते, थोडा वेळ बरे वाटते आणि रात्री तीच शंका पुन्हा डोके वर काढते. असा धीर मागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या उत्तरांना माणसांनी पसंती दिली त्यांच्या आधारे या सहायकांना घडवलेले असते, त्यामुळे समोरच्याला रुचेल ते बोलण्याकडे त्यांचा कल असतो. शिवाय धीर मिळाला तरी काम जागचे हलत नाही. भीती टिकून राहते ती टाळाटाळीमुळे : काम पुढे ढकलले की तत्काळ सुटका वाटते आणि त्या सुटकेच्या ओढीने पुढच्या वेळी टाळणे अधिक सोपे होते. म्हणून सहायकाचा उपयोग भीती नेमकी करण्यासाठी आणि तिला सामोरे जाण्याची तयारी करण्यासाठी करावा.

सुरुवात प्रश्नांनी करावी. समजा, आपल्याला सहकाऱ्यांसमोर एका विषयाची मांडणी करायची आहे आणि "माझी फजिती होईल" एवढेच मनात घोळत आहे. अशा वेळी सहायकाला लिहावे : "मला सल्ला देऊ नकोस, धीरही देऊ नकोस. नेमके काय घडेल असे मला वाटते, ते कळेपर्यंत एका वेळी एकच प्रश्न विचार." चारपाच प्रश्नांनंतर मूळ वाक्य बरेचदा बदलते. "फजिती होईल" याच्या जागी "आकडेवारीविषयी कोणी विचारले आणि मला सांगता आले नाही, तर मी तयारी न करताच उभा राहिलो असे वरिष्ठांना वाटेल" असे काहीतरी उरते. पहिल्या वाक्याचे काहीच करता येत नाही. दुसऱ्यासाठी मात्र आज संध्याकाळी बसून तयारी करता येते.

त्यानंतर अपयश घडून गेले आहे असे धरून मागे वळून पाहावे. निर्णयप्रक्रियेचे अभ्यासक गॅरी क्लाइन यांनी ही पद्धत २००७ साली व्यवस्थापनविषयक लेखनातून मांडली : काम सुरू होण्यापूर्वीच ते पूर्णपणे फसले आहे असे मानायचे आणि का फसले याची कारणे लिहून काढायची. यात एक पथ्य पाळावे. कारणे आधी स्वतः लिहावीत आणि सुटलेली कारणे मगच सहायकाला विचारावीत, कारण त्याची यादी आधी वाचली तर आपल्या मनातली खरी धास्ती तिच्यात हरवून जाते. आपल्या हातातली कारणे वेगळी काढून प्रत्येकावर एकेक कृती ठरवावी. शेवटी "हे फसलेच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय करीन?" या प्रश्नाचे उत्तर लिहावे. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे, कारण भीती नेहमी फजितीच्या क्षणापाशी थांबते आणि त्याच्या पलीकडचा दिवस कधीच दाखवत नाही.

आता पायऱ्या. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची शिस्तबद्ध पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली मांडली, आणि ० ते १०० या मापाने अस्वस्थता मोजण्याची रीतही त्यांचीच. सहायकाच्या मदतीने आपल्या कामाचे सहासात टप्पे पाडावेत, प्रत्येकाला आकडा द्यावा आणि ३० च्या आसपासच्या टप्प्यापासून आरंभ करावा. मांडणीच्या उदाहरणात सहायकाला कठोर श्रोत्याची भूमिका देता येते. "मला उत्तर येणार नाही असे दोन प्रश्न मुद्दाम विचार" असे सांगावे आणि "याचे उत्तर आत्ता माझ्याकडे नाही, तपासून कळवतो" हे वाक्य मोठ्याने म्हणण्याचा सराव करावा. मात्र यंत्रासमोरचा सराव ही खालची पायरी आहे. कपाळाला आठी घालणारा श्रोता तिथे नसतो. पुढची पायरी एका विश्वासू माणसासमोरचीच असली पाहिजे.

प्रत्येक पायरीपूर्वी काय घडेल याचा आपला अंदाज आणि नंतर प्रत्यक्षात काय घडले, हे वहीत लिहावे. सहायकाला जुने संभाषण आठवेलच याची खात्री नसते आणि असा पुरावा आपल्या हस्ताक्षरात असलेलाच बरा. इतरांची नावे आणि कार्यालयातील गोपनीय माहिती संभाषणात घालू नये.

१९६६ साली संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा हा संवाद साधणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो बहुतांशी समोरच्याचीच वाक्ये फिरवून प्रश्न विचारत असे, तरीही माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली आणि हे पाहून खुद्द वायझेनबाम अस्वस्थ झाले. आपले कोणी ऐकते आहे ही भावना आजही तितकीच सहज निर्माण होते. म्हणून भीतीमुळे झोप उडाली असेल, रोजचे व्यवहार थांबले असतील किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर सहायकाशी बोलत न बसता डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना विनाविलंब भेटावे.

एरवी प्रत्येक संभाषणाला वीस मिनिटांची मर्यादा घालावी, कारण तयारीच्या नावाखाली तासन्‌तास चाललेली चर्चा हीदेखील टाळाटाळच असते. वेळ संपली की पुढची पायरी कोणत्या दिवशी आणि किती वाजता चढणार, ते वहीत लिहून संभाषण बंद करावे.