घरी वेल्डिंग शिकताय? करंटच्या नॉबला हात लावण्याआधी या चुका टाळा

रॉड चिकटतोय, टाका धरत नाही, आर्क, म्हणजे रॉड आणि धातू यांच्यातली विजेची ज्योत, मध्येच तुटतोय. अशा वेळी नवशिक्याचा हात आधी करंटच्या नॉबकडे जातो. त्याऐवजी आधी अर्थिंगचा क्लॅम्प, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या वायरचा चिमटा बघा. रंगावर किंवा गंजावर लावलेल्या क्लॅम्पमधून करंट नीट वाहत नाही. मशीनवर आकडा १०० अँपिअरचा दिसतो, पण जोड कच्चाच राहतो. ग्राइंडरने जागा चकचकीत करा आणि क्लॅम्प शक्यतो थेट जॉबलाच, म्हणजे जोडायच्या तुकड्यालाच लावा. जोडायच्या कडाही तितक्याच स्वच्छ हव्यात. तेल, रंग, गंज जळून वायू होतो, तो धातूत अडकतो आणि जोडाला बारीक छिद्रं पडतात.

दुसरी चूक पातळ पत्र्यावर शिकायला बसण्याची. त्याला भोकं पडणारच. चार-पाच मिलिमीटर जाडीची साधी एमएस (माइल्ड स्टील) पट्टी घ्या आणि ६०१३ जातीचा अडीच मिलिमीटरचा रॉड. त्याला साधारण ६० ते ९० अँपिअर लागतात. नेमकी मर्यादा रॉडच्या पाकिटावर छापलेली असते. सुरुवात मधल्या आकड्यापासून करा.

खरी कसोटी रॉडचं टोक आणि जॉब यांच्यातल्या अंतराची. ते रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीइतकंच ठेवायचं. रॉड जळून सतत आखूड होतो, त्यामुळे हात पुढे सरकवताना खालीही आणत राहावा लागतो. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अंतर वाढतं, आवाज फटफटतो, शिंतोडे उडतात आणि जोडाच्या कडेला खाच पडते. दुसरं म्हणजे नजर. ती आर्कच्या उजेडावर नको, त्यामागच्या वितळलेल्या धातूवर हवी. त्या धातूची रुंदी कायम ठेवता आली की वेग आपोआप जमतो.

स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेलं कडक कवच, झाडल्यावर जोड स्वतःच बोलतो. धातू दोरीसारखा फुगून नुसता वर बसला असेल, तर करंट कमी. कडांना खाचा असतील, तर करंट जास्त किंवा आर्क लांब. मध्ये स्लॅग अडकला असेल, तर बहुधा रॉडचा कोन चुकला किंवा आधीचा थर साफ न करता दुसरा चढवला. पण वरून देखणा दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो, म्हणून सरावाचे तुकडे मोडून बघाच. एका बाजूने जोडलेला टी आकाराचा तुकडा व्हाइसमध्ये धरा आणि हातोड्याने जोडाच्या बाजूला वाकवा. मुळाशी धातू एकजीव झाला होता का, ते तिथे कळतं. अर्धा तास मोडतोड केल्याने जे समजतं, ते नुसत्या रेघा ओढून समजत नाही.

आता ज्या चुकांना दुसरी संधी नाही, त्या. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. त्याचा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. शिकताना जीआय नकोच. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने जॉब पुसू नका; आर्कच्या उष्णतेने आणि किरणांनी त्यापासून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. रिकामी दिसणारी इंधनाची टाकी किंवा बंद ड्रम यांना तर हातच लावू नका, आत उरलेली वाफ स्फोटाला पुरते. ‘एकच टाका आहे’ म्हणून शील्ड न घेता डोळे मिटून आर्क लावणारे पुष्कळ असतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, ती त्याचीच. घरगुती कामाला शील्डमध्ये साधारण १० नंबरची काळी काच लागते. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे; सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं.

आणि काम संपलं म्हणून लगेच शटर ओढू नका. भुशात किंवा चिंध्यांत शिरलेली ठिणगी बराच वेळ धुमसते, तेव्हा निदान तासभर त्या जागेवर लक्ष ठेवा.