फ्रीझरमधला खिम्याचा दगड

अर्धा किलो खिमा पिशवीसकट फ्रीझरमध्ये टाकला की त्याचा दगड होतो. बीफचा असो वा मटणाचा.

१. आणल्या दिवशीच झिपच्या पिशवीत भरा, हवा काढा.
२. वरून लाटणं फिरवून अर्धा इंच जाडीचा थर करा.
३. उलथन्याच्या कडेने पिशवीवरूनच दाबून चार चौकोन पाडा, मग ताटात आडवी ठेवून गोठवा.

एकट्यापुरता खिमा-पाव हवा तर एक चौकोन कटकन मोडायचा. घट्ट बंद पिशवीत, गार पाण्यात अर्ध्या तासात सुटतो. कांदा-टोमॅटो तेवढ्यात परतून होतात (मटार ऐच्छिक; मला हवेच).

ओट्यावर तासन्‌तास ठेवून मात्र सोडवू नका. आणि पाण्यात सुटलेला कच्चा खिमा परत गोठवायचा नाही, लगेच शिजवायचा.