मिसळणाच्या डब्यातले स्क्रू : जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी घालताना

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरूनच हिशेबाची कामं करते. मार्केट यार्डातले गुळाचे दोन अडते आणि गुजरीतलं एक दुकान, सगळ्यांचा व्यवहार माझ्या एका लॅपटॉपवर. गुळाचा हंगाम लागला की टॅली, एक्सेल आणि ब्राउझर दिवसभर उघडे असतात. त्या ४ जीबी रॅमच्या मशीनला सकाळी नुसतं चालू व्हायला चहा उकळून होईपर्यंत वेळ लागायचा. नवीन घ्यायचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून रॅम (चालू कामं हाताशी ठेवणारी मेमरी) वाढवली आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपांवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) बसवली. त्यानंतर भावाचा आणि शेजारच्या दोन मुलांचेही लॅपटॉप मीच उघडले. काम अवघड नाही, मात्र निवांत दुपार हाताशी असेल तेव्हाच करा.

आधी आपल्या मशीनमध्ये काय चालतं ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. रॅमच्या पट्ट्या बसवायच्या जागा, म्हणजे स्लॉट, किती आहेत आणि किती वापरात आहेत ते तिथे दिसतं. पण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली, असते आणि तीही स्लॉट म्हणून मोजली जाते. त्यामुळे खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. जास्तीत जास्त किती रॅम चालेल आणि कुठला स्क्रू कुठे आहे, दोन्ही त्यात सापडतं.

मी पहिल्या वेळी हे केलं नव्हतं. दुकानात जाऊन ‘लॅपटॉपची ८ जीबी रॅम द्या’ एवढंच म्हटलं आणि मिळाली ती घेऊन आले. घरी स्लॉटला लावली तर खाच जुळेना. मी जरा दाबायला गेले, तेवढ्यात मागे उभे असलेले अण्णा म्हणाले, “जोर कशाला लावतीस? बसत नाही म्हंजे जागा चुकलीया, नाहीतर वस्तू.” अण्णांनी उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवलाय. वस्तूच चुकली होती. मशीन डीडीआर३चं, मी आणलेली डीडीआर४. या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या. लॅपटॉपच्या डीडीआर३ला २०४ पिना असतात, डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते, ती मुळात चुकीची रॅम बसू नये म्हणूनच. डीडीआर३मध्येही साधी १.५ व्होल्टची आणि ‘एल’वाली १.३५ व्होल्टची असे दोन प्रकार आहेत. मशीनला ‘एल’ लागत असेल तर साधी घालू नका. सगळ्यात सोपं म्हणजे जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या.

एसएसडीचं तसंच. हार्ड डिस्कच्या जागी बसते ती अडीच इंची, बहुधा ७ मिलिमीटर जाडीची. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसते ती एम.२, आणि तिच्यावर २२८० लिहिलेलं असेल तर ती २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. एम.२मध्ये साटा आणि एनव्हीएमई हे जोडणीचे दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखे, पण काही स्लॉट दोन्हींपैकी एकच घेतात. मॅन्युअल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

उघडण्याआधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातली एक-दोन फाइल उघडूनही बघा. माझ्यासाठी टॅलीचं फोल्डर म्हणजे तीन घरांचा वर्षभराचा हिशेब. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर ते उघडायचा आकडा (रिकव्हरी की) कागदावर उतरवून ठेवा, कारण हार्डवेअर बदलल्यावर मशीन तो मागू शकतं. मग शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे मशीन अर्धवट झोपत नाही, पूर्ण बंद होतं. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा.

स्क्रूसाठी मी मिसळणाचा डबा घेते, घासून पुसून कोरडा केलेला. सात वाट्या असतात, प्रत्येकीत एका भागाचे स्क्रू. शेजारी कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढून कुठला स्क्रू कुठल्या वाटीत ते लिहिते. एवढी काळजी घ्यायचं कारण लांबी. सगळे स्क्रू दिसतात सारखे, पण आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या प्लास्टिकला फोड आणतो किंवा थेट बोर्डात घुसतो. झाकण निघेना झालं तर रबरी पायांखाली लपलेला स्क्रू राहिलाय का ते बघा. कडा सोडवायला जुनं प्लास्टिक कार्ड पुरतं.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. वायरींना धरून ओढायचं नाही. कनेक्टरच्या दोन्ही कानांना नखं लावून, मशीनच्या रचनेप्रमाणे मागे किंवा वर, थोडं थोडं सरकवायचं. नंतर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तिथेच थांबा. तिला दाबू नका, टोचू नका, चार्जरही लावू नका. ती जाणत्या माणसाकडूनच बदलून घ्या.

रॅमला हात लावण्याआधी लॅपटॉपच्या उघड्या धातूला, एखाद्या पोर्टच्या कडेला, बोट टेकवा. आपल्या अंगातली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, तरी चिपला मारू शकते. जानेवारीच्या कोरड्या हवेत हा धोका जास्त. पट्टी कडांनी धरा, खाच जुळवा आणि साधारण तीस अंशांच्या तिरप्याने आत सरकवा. सोनेरी पिनांची अगदी बारीक रेघ बाहेर दिसायला हवी, जास्त दिसत असेल तर अजून आत जायची आहे. मग पट्टी हळूच खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चिमट्या टक् करून बसतात. एकच टक् ऐकू आला तर काढून पुन्हा लावा.

झाकण लावताना अण्णांची एक युक्ती मी प्रत्येक स्क्रूला वापरते. स्क्रू जागेवर ठेवून आधी उलटा फिरवायचा. आटा आट्यात पडला की बोटांना बारीकसा ठोका जाणवतो. तिथून सुलटा पिळायचा. पितळेचे आटे वाकडे जात नाहीत आणि पुढच्या वेळीही स्क्रू नीट निघतो. सगळे स्क्रू आधी सैल लावा, शेवटी हलकेच घट्ट करा.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन थोडा वेळ काळी राहिली तर घाबरून बंद करू नका. मशीन नवी रॅम तपासत असतं. नंतर विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक एकदा पूर्ण चालू द्या.

विजेबद्दलही सांगते. आमच्या जुन्या घरात अर्थिंग धड नव्हतं, चार्जर लावला की लॅपटॉपच्या धातूला हात लागताच मुंग्या यायच्या. वायरमनकडून अर्थिंग करून घेतल्यावर ते थांबलं. एप्रिल-मे महिन्यांत वळीव गडगडायला लागला की मी चार्जर भिंतीतूनच काढते. आणि मशीन भिजलं तर चालू होतंय का बघायचा मोह आवरा. २०१९च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी शाहूपुरीत आत्याच्या घरात शिरलं. लॅपटॉप ओला असतानाच भाच्यानं चार्जर लावला, आणि बोर्ड जळाला. हार्ड डिस्क वेगळी काढून वाळवल्यावर तिच्यातले फोटो तेवढे निघाले.

माझी जुनी हार्ड डिस्क मी साटा-यूएसबीच्या केसमध्ये घातली आहे. दर शनिवारी टॅलीचं फोल्डर तिच्यावर उतरवते आणि ती माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवते.