पॅन्क्रियाजमध्ये गाठ आली रिपोर्टमध्ये, आता काय काय विचारायचं

सोनोग्राफीत पॅन्क्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) हेडला, म्हणजे डोक्याकडच्या भागाला, मास म्हणजे गाठ असं लिहून आलं की घरातले लगेच परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलचा केसपेपर काढायला निघतात. जा, चांगलंच आहे, उशीर करूच नका, फक्त मास म्हणजे कॅन्सर पक्का असं धरून जाऊ नका.

पहिलं म्हणजे पॅन्क्रियाज प्रोटोकॉलचा काँट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन खास पॅन्क्रियाजसाठी काढलेला सीटी स्कॅन), आणि कावीळ असेल तर जमल्यास पित्ताच्या नळीत स्टेंट (ती मोकळी ठेवणारी छोटी नळी) टाकायच्या आधीच, कारण स्टेंटनंतर आजूबाजूला सूज येते आणि फोटो नीट वाचता येत नाही. रक्तातलं सीए १९-९ (कॅन्सरचा संशय आला की तपासतात ते मार्कर) वाढलं म्हणून रडारड नको, पित्ताची नळी तुंबून कावीळ झाली की ते असंही वाढतं, कावीळ उतरल्यावर परत करा. आणि नॉर्मल आलं म्हणून पेढेही वाटू नका, काही लोकांच्या शरीरात ते बनतच नाही.

आता सगळ्यात फसवणारा प्रकार, ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे पॅन्क्रियाजला येणारी सूज. साठीच्या आसपासचा पुरुष, पोटात फार दुखत नाही, पण डोळे पिवळे, म्हणजे हुबेहूब कॅन्सरचंच चित्र! यात बऱ्याचदा सीटीत पॅन्क्रियाज सॉसेजसारखा फुगलेला दिसतो आणि रक्तात आयजीजी४ (एक प्रकारची अँटिबॉडी) वाढतं, म्हणून ही टेस्ट करायची का ते डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइडने हा दोन-चार आठवड्यांत ओसरायला लागतो, पण आयजीजी४ थोडंफार कॅन्सरमध्येही वाढू शकतं, त्यामुळे कॅन्सर नाही याची खात्री करण्याआधी "घेऊन तर बघू" म्हणून स्टेरॉइड नको.

आपल्याकडे टीबीही डोक्यात ठेवायलाच हवा. पॅन्क्रियाजचा टीबी तसा दुर्मिळ, पण ताप, वजन घटणं, पोटात सुजलेल्या लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) असं असेल तर एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून सुईने काढलेला तुकडा जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूची जनुकीय टेस्ट) आणि कल्चरलाही (जंतू वाढवून बघायला) पाठवा म्हणून आधीच सांगा. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायच्या रसायनात) गेला की कल्चर होत नाही. पेट स्कॅन टीबीतही चमकतो आणि सुजेतही, म्हणून चमकला म्हणजे कॅन्सरच असं नाही.

शेपटाकडची छोटी गाठ कधीकधी प्लीहेचाच जन्मजात तुकडा निघतो, ते ओळखायला न्यूक्लियर स्कॅन असतो. जुन्या पॅन्क्रियाटायटिसची (पॅन्क्रियाजच्या जुन्या सुजेची) गाठ मात्र ओळखायला महाकठीण, तिथे कॅन्सरही सोबत असू शकतो.

बायोप्सी निगेटिव्ह आली तरी फाईल बंद करायची नाही, सुई चुकते. उलट गाठ काढण्यासारखी आणि संशय दाट असेल तर सर्जन बायोप्सीशिवायही ऑपरेशन सांगतात, ते चूक नाही, फक्त सही करण्याआधी ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत) केस ठेवली का विचारा. आणि दुसऱ्या ओपिनियनला जाताना नुसता रिपोर्ट नको, सीटीची सीडी आणि बायोप्सीच्या स्लाइड-ब्लॉक (तुकड्याच्या काचा आणि मेणातला ठोकळा) लॅबमधून मागून न्या.