भारत-ब्राझीलच्या अन्नाचा कार्बन मोजताय? या चुका टाळा

दोन देशांच्या अन्नाचं कार्बन उत्सर्जन ताडून बघायचं म्हटलं की बरेच जण भारत आणि ब्राझील निवडतात. जोडी चांगली आहे, दोन्हीकडे गुरंढोरं भरपूर, ऊस भरपूर. पण एक्सेलमध्ये 'शेती' नावाची ओळ उचलायची, दोन बार काढायचे आणि निकाल जाहीर करायचा, हे बघितलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण कार्बन डायऑक्साइड त्या ओळीत जवळजवळ नसतोच.

तुमच्या तक्त्यात भारताचा CO2 अगदीच किरकोळ दिसत असेल तर आधी हेच तपासा. देश युनोला जो अहवाल देतात त्यातल्या शेती विभागात मुख्यतः मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड असतो, म्हणजे गुरांची ढेकर, पाणी साचलेली भातखाचरं, शेणखत, युरिया टाकलेली जमीन. आपल्या अन्नाचा CO2 दुसरीकडेच बसलाय. विहिरीवरची मोटर चालते ती जास्त करून कोळशाच्या विजेवर, आणि ती वीज मोजली जाते ऊर्जा विभागात. युरिया बनतो गॅसवर, आपल्या अलिबागजवळच्या थळला आहे तसल्या कारखान्यांत, तो शेतीच्या खात्यात येतच नाही. मग ट्रकचं डिझेल, कोल्ड स्टोरेज, घरचा सिलिंडर, हे सगळं विखुरलेलं, एकेक करून गोळा करावं लागतं.

आता ब्राझीलला तीच यादी लावली तर फसाल. तिथली वीज मोठ्या प्रमाणात धरणांवरची आणि खत बहुतेक बाहेरून आणलेलं, त्यामुळे या ओळी बारीक येतात आणि देश एकदम स्वच्छ दिसतो. त्यांचा CO2 आहे जंगल तोडून केलेल्या कुरणात आणि सोयाबीनच्या रानात, म्हणजे 'जमीन वापरातील बदल' या विभागात. तो विभाग सोडला तर तुलना करूच नका, इतकं स्पष्ट सांगतो.

आणि तो घेतला की पुढचा प्रश्न वर्षाचा. अॅमेझॉनमध्ये 2004 साली साधारण 27,800 चौरस किलोमीटर जंगल गेलं, 2012 साली साधारण 4,600, आणि 2021 साली पुन्हा 13,000 च्या आसपास. एकच वर्ष धरलंत तर निकाल त्या वर्षाचा आहे, देशाचा नाही. किमान 5 वर्षांची सरासरी काढा, दोन्ही देशांना तीच वर्षं.

दोन वेबसाइटचे आकडे जुळत नाहीत? बहुतेक वेळा एकीकडे फक्त CO2 असतो आणि दुसरीकडे सगळे वायू CO2 च्या हिशोबात बदलून घेतलेले. 2015 सालचा जगाच्या अन्नाचा 18 अब्ज टन, एकूण उत्सर्जनाच्या 34 टक्के, हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो सगळ्या वायूंचा आहे, नुसता CO2 त्यातला साधारण निम्मा. शिवाय CO2 च्या हिशोबात आणताना मिथेनला जुन्या तक्त्यात 25 ने गुणलेलं असतं, नंतरच्यात 28 ने, आणि भारताकडे म्हशी आणि भात दोन्ही असल्यामुळे एवढ्यानंसुद्धा आपला आकडा चांगलाच हलतो. आणि फरक बरोब्बर 3.67 पट येत असेल तर डोकं खाजवत बसू नका, एकाने कार्बन लिहिलाय आणि दुसऱ्याने कार्बन डायऑक्साइड, 44 भागिले 12.

चुलीबद्दल बरेच जण विचारतात. लाकूड-गोवऱ्यांचा CO2 ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत, जंगल घटलं तर ते जमिनीच्या खात्यात दिसतं. तुम्ही वरून जोडलात तर दोनदा मोजला.

दरडोई काढताना मात्र थांबा जरा. भारत 140 कोटी, ब्राझील 20 कोटींच्या थोडा वर, भागाकार केला की ब्राझीलचा माणूस राक्षसी खाणारा वाटतो. पण ब्राझील जगातला सगळ्यात मोठा बीफ निर्यातदार, सोयाबीनचाही, आणि त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन. जेवण चीनमध्ये होतं, तुटलेलं जंगल ब्राझीलच्या नावावर लागतं. म्हणून दरडोई लिहायचंच असेल तर दोन वेगळे रकाने करा, देशात पिकलेल्याचा एक आणि देशात खाल्लेल्याचा एक, आणि दुसऱ्यासाठी आयात-निर्यातीचा डेटा हाताशी नसेल तर तो रकाना सरळ मोकळा सोडा.